टपालाने येणारा खेळ आणि भाड्याचा हिशेब

टपालाने व्हिडिओ गेम भाड्याने मागवणं परवडतं का? अमेरिकेत २००२ साली गेमफ्लाय नावाची कंपनी निघाली, तेव्हापासून तिथली पोरं हा हिशेब करत आली आहेत. आपल्याकडे, त्यातही टाकवे बुद्रुकसारख्या गावात, तो करायची वेळच आली नाही. का आली नाही, हे शोधताना टपाल खातं, कॉपीराइटचा कायदा, बडोद्याचे महाराज आणि मावळातल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या अशी मजल दरमजल करावी लागते. मला स्वतःला गेम खेळता येत नाहीत. पण एकच वस्तू दहा हातांतून कशी फिरते, या गोष्टीचा नाद मला जुना आहे.

मूळ कल्पना गेमवाल्यांची नव्हे, सिनेमावाल्यांची. नेटफ्लिक्स आज सगळ्यांना मोबाइलमधलं ॲप म्हणून माहीत आहे. १९९७ साली स्थापन झालेली ही कंपनी १९९८ च्या एप्रिलपासून टपालाने डीव्हीडी पाठवत होती. त्याआधीची व्हिडिओ कॅसेट वजनदार आणि जाडजूड, तिला पार्सलचा दर पडायचा. डीव्हीडी मात्र पातळ आणि हलकी, साध्या पत्राच्या लिफाफ्यात जाणारी. सारा धंदा या एका फरकावर उभा राहिला. लाल लिफाफ्यातली शेवटची डिस्क त्यांनी २९ सप्टेंबर २०२३ रोजी पाठवली. गेमफ्लायने हीच रीत गेमला लावली. महिन्याला १५.९५ डॉलर भरायचे, एका वेळी एक गेम घरी ठेवायचा, परत पाठवला की यादीतला पुढचा येणार. उशिराचा दंड नाही.

आता हिशेब. नवा गेम तेव्हा ६० डॉलरला मिळे. डिस्क यायला तीन दिवस, परत जायला तीन दिवस आणि खेळायला दहा दिवस धरले तर सोळा दिवसांत एक फेरी होते. म्हणजे महिन्याला जवळपास दोन गेम, १२० डॉलरचा माल १६ डॉलरांत. हे झालं झपाट्याने खेळणाऱ्याचं. पण काही गेम शंभर-शंभर तासांचे असतात. नोकरी सांभाळून तसा एक गेम चार महिने घरात राहिला, तर वर्गणी होते ६३ डॉलर ८० सेंट. त्यापेक्षा नवा विकत घेतला असता तर स्वस्त पडला असता, आणि खेळून झाल्यावर तो विकताही आला असता. थोडक्यात, जो लवकर संपवतो आणि लगेच परत पाठवतो त्याला परवडतं, आणि जो डिस्क टीव्हीखाली ठेवून विसरतो त्याच्या जिवावर कंपनी चालते. व्यायामशाळेची वर्षाची फी भरून फेब्रुवारीपासून न फिरकणारी माणसं आपण पाहतोच. तालीम चालते ती त्यांच्याच पैशावर.

टपाल हा या धंद्याचा कणा, आणि भांडणही टपालावरूनच झालं. अमेरिकेतल्या टपालाच्या यंत्रांतून जाताना डिस्क मोडायच्या. नेटफ्लिक्सचे लिफाफे तिथले कर्मचारी हाताने बाजूला काढायचे आणि त्याचे जादा पैसेही लागत नव्हते. गेमफ्लायच्या लिफाफ्यांना ती मेहेरबानी नव्हती. डिस्क वाचवायला त्यांना मोठ्या आकाराचा लिफाफा वापरावा लागे आणि त्याला पत्राच्या दुपटीहून जास्त दर पडे. २००९ मध्ये कंपनीने टपाल नियामक आयोगाकडे तक्रार केली. २०११ मध्ये आयोगाने भेदभाव झाल्याचं मान्य केलं, पण उपाय अर्धाच दिला. २०१३ च्या जानेवारीत वरच्या न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव पुरता दूर करा, नाहीतर त्याचं कारण द्या. प्लास्टिकच्या चकतीवरून इतकं रामायण झालं, कारण दर लिफाफ्यामागे वाचणाऱ्या काही सेंटांवरच कंपनी जगणार की मरणार हे ठरत होतं.

टपालाच्या आधी मात्र कायदा येतो. विकत घेतलेली वस्तू मी दुसऱ्याला भाड्याने देऊ शकतो का? पुस्तकांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच निकाल दिला होता. एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं की ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. न्यायालय म्हणालं, पहिली विक्री झाली की त्या प्रतीवरची प्रकाशकाची सत्ता संपली. तिथली भाड्याची दुकानं याच तत्त्वावर उभी राहिली. व्हिडिओ गेम आले तेव्हा निन्टेन्डोला ही दुकानं डोळ्यांत सलत होती. १९८९ मध्ये त्यांनी ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या साखळीवर दावा ठोकला, पण गेम भाड्याने दिल्याबद्दल नव्हे, गेमसोबतच्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स काढल्याबद्दल! मुख्य धंदा कायद्याने अडवता येत नव्हता, म्हणून पुस्तिका धरली. १९९० मध्ये अमेरिकेने संगणकाची सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंदी घातली, तेव्हाही टीव्हीला जोडून खेळायचे गेम त्यातून वगळले. गेमफ्लाय बारा वर्षांनी निघू शकली ती या सवलतीमुळे. जपानमध्ये, म्हणजे खुद्द निन्टेन्डोच्या देशात, कंपनीच्या परवानगीशिवाय गेम भाड्याने देता येत नाही.

आता मावळात येऊ. जुना मुंबई-पुणे रस्ता कान्हे फाट्यावर सोडायचा, रेल्वे ओलांडायची, पुढे इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक. अंदर मावळाचं हे बाजाराचं गाव. मागे भोयरे, वडेश्वर, खांडी अशी गावं डोंगरात शिरत जातात. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतची रेल्वे १८५८ साली सुरू झाली. म्हणजे मुंबईच्या वाटेवर हा भाग दीडशेहून जास्त वर्षं आहे. गाडी दारावरून जाते, पण थांबते थोडी, असा इथला अनुभव. आता कारखाने आले, कामगार आले, खोल्या भाड्याने द्यायचा धंदा वाढला.

भाड्याने करमणूक आणायची सवय आमच्याकडे गेमच्या आधीची. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर. कोकणातल्या मुसलमान घरांत तो दुबई-कुवेतला गेलेल्या भावा-मामांच्या सामानातून आला. आमच्यासारख्या घाटावरच्यांना तो भाड्याने आणावा लागे. एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चर. वर्गणी काढायची, तळेगावहून टेम्पोत सामान आणायचं, अंगणात सतरंजी टाकायची आणि सकाळी परत द्यायचं असल्यामुळे रात्रभर कोणी झोपायचं नाही. बायका मधला पिक्चर बघायच्या. पहिल्याच्या वेळी स्वयंपाक, तिसऱ्याच्या वेळी कडेवरची पोरं पेंगलेली. तेव्हाही कायदा होताच. व्हिडिओच्या चोरट्या प्रतींना आळा घालायला १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात शिक्षा वाढवल्या होत्या. आमच्या अंगणात त्याची खबर पोचली नव्हती.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे गेम आले. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही तेव्हाच्या पोरांच्या तोंडची नावं. गेमच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यालाही सगळे कॅसेटच म्हणत. तिच्यावर ‘९९९९ गेम’ लिहिलेलं असायचं, आत निघायचे दहा-पंधरा, तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. चालली नाही की फुंकर मारायची. ईदी जमली की पोरं ती भाड्याने आणत, दिवसाच्या बोलीवर. दुकानदाराकडे अनामत म्हणून घड्याळ ठेवलेलंही मी पाहिलं आहे. म्हणजे आपल्याकडे गेम भाड्याने मिळत नव्हते असं नाही. ते मिळत होते ओळखीवर, आणि बहुतेक वेळा माल नकली. पुढे संगणक आले तेव्हा पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर चोरट्या सीडी इतक्या स्वस्त झाल्या की असली डिस्क भाड्याने घ्यायची गरजच उरली नाही. टपालाने भाड्याने देणाऱ्याची स्पर्धा दुकानदाराशी नव्हतीच, ती या फुटपाथशी होती.

तरी प्रयत्न झाले. २००५ मध्ये बंगळूरमध्ये सेव्हंटीएमएम निघाली, २००८ मध्ये रिलायन्सची बिगफ्लिक्स आली. दोघींचा भर सिनेमांवर. नेटफ्लिक्सची नक्कल म्हणून त्यांची चर्चा झाली, पण एक मोठा फरक होता. डिस्क पोचवायला त्यांना मोटारसायकलवरची माणसं ठेवावी लागली. आणि जिथे मोटारसायकल पोचते तिथपर्यंतच असा धंदा, म्हणजे मोठी शहरं. अशी मोटारसायकल इंद्रायणीचा पूल ओलांडून टाकव्याला येण्याचं काही कारण नव्हतं.

मग टपालाने काय झालं असतं? माझा भाचा टाकव्यातल्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. तिघांबरोबर खोली करून राहतो. चौघांत मिळून एक जुना प्लेस्टेशन ४ आहे. ‘मामू, गेमफ्लाय आपल्याकडे का नाही निघाली?’ असं त्याने विचारलं, तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो. २०१२ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला परगावासाठी ३५ रुपये पडत, वर कर. डिस्क डबीतून काढून पातळ पाकिटात घातली तर त्या वजनात बसते. जाऊन-येऊन ७०, महिन्याला दोन फेऱ्या १४०. वर्गणी ५०० रुपये धरली तर चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसे टपालातच गेले. नेटफ्लिक्सच्या ऐन भरातल्या काळात अमेरिकेत पत्राचा दर होता ४४ सेंट.

पैशांपेक्षा मोठी अडचण वेळेची निघाली. अमेरिकेत घरासमोरच्या पत्रपेटीत लिफाफा ठेवला की पोस्टमन तो घेऊन जातो. आपल्याकडे स्पीड पोस्ट करायचं तर खिडकीवर जाऊन पावती घ्यावी लागते, आणि ती खिडकी उघडी असते नेमकी पहिल्या पाळीच्या वेळेत. दुसरी पाळी असेल तर सकाळी जाता येतं, रात्रपाळी असेल तर झोपमोड करून. पोस्टमन आला तेव्हा खोलीला कुलूप असलं तर डिस्क माघारी. भाच्याने हे सगळं धरून सांगितलं की डिस्क घरात दहा दिवस आणि वाटेत दहा दिवस राहील. बरं, पुस्तकांना टपाल खात्याने नेहमीच सवलत दिली. १ मे २०२५ पासूनच्या ज्ञान पोस्टमध्ये ३०० ग्रॅमचं पुस्तक २० रुपयांत जातं, पाच किलोचं बाड १०० रुपयांत. खेळाला अशी सवलत कोण देणार! गणिताचं गाईड ज्ञानात मोडतं, बुद्धिबळाचा पट मोडत नाही.

त्या चौघांनी स्वतःचा मार्ग आधीच काढला होता. त्यांची गेमची भिशी आहे. दरमहा प्रत्येकी ५०० रुपये, चिठ्ठी टाकून ज्याचं नाव निघेल त्याच्या पसंतीची एक डिस्क, शक्यतो वापरलेली. चौघांचं खेळून झालं की ती विकायची आणि पैसे पुन्हा भिशीत. एक डिस्क १,८०० ला घेतली, तीन महिन्यांनी १,१०० ला गेली. खर्च ७०० रुपये, माणशी १७५. गेमफ्लायला हे जमलं नसतं. इथे टपाल नाही, अनामत नाही, आणि डिस्कला चरा पडला तर कोणी पाडला ते सगळ्यांना ठाऊक असतं.

ही भिशी कायद्याला धरूनच आहे, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं, कारण दुकान काढलं असतं तर ते नसतं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकाची प्रणाली भाड्याने द्यायचा हक्क तिच्या मालकाकडे राखून ठेवला. प्रत आधी विकली गेली असली तरीही. १९९९ मध्ये शब्द बदलून ते ‘व्यापारी भाडं’ झालं. चित्रपटांनाही असाच नियम. गेमला प्रणाली म्हणा की चित्रपट म्हणा, भाड्याचा धंदा परवानगीशिवाय करता येत नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे भाड्याने देणाऱ्या एका दुकानाविरुद्ध वॉर्नर ब्रदर्सच्या बाजूने मनाई दिली. माल नकली नव्हता, पैसे भरून घेतलेला होता, तरीही. या बाबतीत आपण अमेरिकेच्या नव्हे, जपानच्या रांगेत आहोत. फुटपाथवरची चोरटी सीडी बिनधास्त विकली जात असताना असली डिस्क घेऊन भाड्याने देणारा कोर्टात उभा राहत होता, ही गोष्ट मला अजून पटत नाही.

पण २०१२ च्या दुरुस्तीत एक दार उघडलं, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे. व्यापारी भाड्याच्या व्याख्येतून ना-नफा ग्रंथालयं आणि शिक्षणसंस्था वगळल्या. रीतसर मिळवलेली प्रणाली, ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट ग्रंथालयाने नफ्याशिवाय वापरायला दिला, तर तो गुन्हा नाही. ना-नफा म्हणजे काय, तेही तिथेच लिहिलं आहे: सरकारी अनुदान मिळणारं किंवा प्राप्तिकरातून सूट असलेलं ग्रंथालय. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड वर्गांतली हजारो शासनमान्य ग्रंथालयं गावोगावी अनुदानावर चालतात. म्हणजे जे दुकानदाराला करता येत नाही ते गावच्या वाचनालयाला करता येतं. फिकहच्या किताबांतही इजारा आणि आरियत ही दोन प्रकरणं वेगळी असतात. एक भाड्याने देणं, दुसरं फुकट वापरायला देणं. आपल्या संसदेने २०१२ मध्ये साधारण हीच रेघ ओढली.

वस्तू गावात पाठवून फिरवायची जुनी आणि यशस्वी रीतही आपल्याकडे आहेच. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं वाचायला शिकली, पण वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरणार, हे त्यांनी ओळखलं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबरच फिरती ग्रंथालयं निघाली. पुस्तकांची लाकडी पेटी गावात जायची, गावाने वाचायची, मग ती परत आणि दुसरी पेटी. पाठवण्या-आणण्याचा खर्च संस्थानाचा. हिशेबाच्या नजरेने पाहा. गेमफ्लाय एकेका माणसाला एकेक डिस्क पाठवत होती. बडोद्याने अख्ख्या गावाला एक पेटी पाठवली, म्हणून वाहतुकीचा खर्च शेकडो वाचकांत विभागला गेला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम याच जातकुळीतला. त्यांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांतून फिरत पार दुबईच्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. टाकव्यासारख्या गावाला टपालाचा लिफाफा परवडला नसता. पेटी परवडते.

आता कोणी म्हणेल, डिस्कचा जमाना गेला, पेटी कशाची फिरवता? खरं आहे. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर डिस्क उसनी देण्या-विकण्यावर बंधनं घालायचं जाहीर केलं. सोनीने लगेच बावीस सेकंदांची चित्रफीत काढली, त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेमची डबी देतो, बस्स. लोक इतके बिथरले की काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. पण त्याच सोनीने २०२० मध्ये डिस्कची फट नसलेला प्लेस्टेशन ५ बाजारात आणला. त्यावरचा गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. तो कोणाला देता येत नाही, विकता येत नाही, भिशीत टाकता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून दुकानदारांना सक्ती केली आहे की अशा व्यवहाराला नुसतं ‘खरेदी’ म्हणू नका, हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. १९०८ मध्ये गिऱ्हाइकाला मिळालेला हक्क शतकभराने असा परत घेतला गेला, आणि त्यासाठी कुठला खटला जिंकावा लागला नाही.

तरी टाकव्यातून पाहिलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. प्लेस्टेशन ५ चा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांचा आणि बऱ्याचदा १०० जीबीच्या घरात. भाच्याच्या खोलीत वायफाय नाही, मोबाइलवर दिवसाला दीड जीबी. तेवढ्यावर एक गेम उतरवायला सदुसष्ट दिवस लागतात, तेही त्या सदुसष्ट दिवसांत दुसरं काही न पाहता. पोस्टमनच्या पिशवीतली डिस्क त्याच्या कितीतरी आधी पोचते.

गेल्या महिन्यात मावळातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांना मी २०१२ ची ती तरतूद वाचून दाखवली. दहा वापरलेल्या डिस्क, एक पेटी, एक वही, एवढंच लागेल म्हणालो. त्यांनी चष्मा काढून दोन प्रश्न विचारले. डिस्क चरा पडून परत आली तर अनामतीतून किती कापायचे? आणि तपासणीला साहेब आले तर ही वस्तू त्यांना कुठल्या रकान्यात दाखवायची: ग्रंथ, नियतकालिकं की फर्निचर?